स्मार्ट मीटर लागला आणि बिल फुगलं? भांडायला जायच्या आधी हे करा, आणि मग नीट भांडा

आमच्या सोसायटीत मीटर रूममधले जुने मीटर निघाले आणि स्मार्ट मीटर लागले तेव्हापासून बिलं घेऊन येणाऱ्यांची माझ्याकडे रांग लागलीये, कारण बिलातले आकडे वाचायची मला खोड आहे आणि हे सगळ्यांना माहितीये. प्रत्येकाचं पहिलं वाक्य एकच, "मीटर पळतोय." पळत असेलही. पण नुसतं एवढं बोलून सेक्शन ऑफिसमध्ये गेलात तर तिथला माणूस "तुमचा वापर वाढलाय" म्हणतो आणि विषय संपतो. त्याच्यासमोर फोटो, रीडिंग आणि तारखा ठेवल्या की त्याला खुर्चीत जरा सरळ बसावं लागतं. म्हणून हे सगळं एकदाच लिहून टाकतोय. मुख्यतः महावितरणच्या घरगुती ग्राहकांसाठी आहे, मुंबईत बेस्ट, अदाणी किंवा टाटाची वीज असेल तर ऑफिसं आणि फॉर्म वेगळे, कायदा तोच.

आधी गोंधळ मिटवू. केंद्र सरकारची वीज वितरण सुधारायची आरडीएसएस नावाची योजना २०२१ साली आली, त्यात देशभर २५ कोटी स्मार्ट प्रीपेड मीटर लावायचं ठरलं. महावितरणने २०२३ मध्ये कंत्राटं दिली, मीटर मागे साधारण १२ हजार रुपये खर्चाचा आकडा बाहेर आला आणि लोक भडकले, महाराष्ट्र वीज ग्राहक संघटनेच्या प्रताप होगाडेंनी तर राज्यभर विरोधाची मोहीमच उघडली. जून २०२४ मध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सामान्य ग्राहकांना प्रीपेड स्मार्ट मीटर लावणार नाही असं जाहीर केलं. आणि मग थोड्याच काळात मीटर यायला लागले ते "टीओडी मीटर" नावाने, टीओडी म्हणजे "टाइम ऑफ डे", दिवसाच्या कोणत्या वेळेला किती वीज वापरली ते वेगळं मोजणारे. हे पोस्टपेड आहेत, म्हणजे आधी वापरा, महिन्याने बिल भरा, रिचार्ज बिरचार्ज काही नाही. पण लोकांचा संशय अगदीच हवेतला नाहीये, कारण मशीन स्मार्टच आहे, रीडिंग लांबून घेता येतं, वीज लांबून तोडता-जोडता येते, आणि असा मीटर पोस्टपेडचा प्रीपेड करायचा तर तो बदल सॉफ्टवेअरमधून होऊ शकतो, नवीन मीटर लावावा लागत नाही.

मीटर लागतो त्या दिवशी

सगळ्यात महत्त्वाचं काम याच दिवशी असतं आणि नेमकं ह्याच दिवशी कोणी घरी नसतं. जुन्या मीटरचं शेवटचं रीडिंग. त्याचा फोटो काढा, असा की मीटर नंबर आणि आकडा दोन्ही एकाच फोटोत वाचता येतील. मग नवीन मीटरचा तसाच फोटो, सुरुवातीचा आकडा शून्य किंवा शून्याच्या जवळपास हवा. मीटर बदलल्याचा कागद भरतात त्यावर जुना नंबर, नवा नंबर, दोन्ही रीडिंग, तारीख असते. सही करायच्या आधी ते आकडे फोटोशी जुळवा आणि त्या कागदाचाही फोटो घ्या. लावणारी पोरं कंत्राटदाराची असतात, दिवसाला किती मीटर झाले यावर त्यांचं गणित चालतं, घाईत ७ चा १ होतो. त्यांच्याशी वाद घालू नका, चहा विचारा आणि फोटो काढून घ्या.

घरी नसताना लावून गेले असतील तर जुन्या मीटरचा आकडा मागच्या बिलावर बघून ठेवा, बिलावर बऱ्याचदा मीटरचा फोटोही असतो. आणि लगेच त्याच आठवड्यात उपविभाग ऑफिसला अर्ज द्या की मीटर बदलल्याच्या अहवालाची प्रत द्यावी. सहा महिन्यांनी जुना मीटर कुठे गेला हे देवालाही सांगता येत नाही.

अजून एक. मीटरवर तारीख आणि वेळ दिसते, बटण दाबून स्क्रीन पुढे सरकवत गेलं की येते. ती तुमच्या घड्याळाशी जुळते का बघा. टीओडी म्हणजे कोणत्या वेळेला किती वापरलं यावर हिशोब, मग मीटरचं घड्याळच चुकीचं असेल तर दिवसाच्या वापरावर जी सवलत मिळते (ती शेवटी सांगितलीये) तिचा हिशोब पण चुकणार.

नको म्हणता येतं का?

हा प्रश्न सगळेच विचारतात आणि उत्तर सरळ नाहीये. ग्राहक संघटना वीज कायदा २००३ च्या कलम ४७(५) वर बोट ठेवतात. त्यात असं आहे की जो ग्राहक प्रीपेड मीटरवर वीज घ्यायला तयार आहे त्याच्याकडून सुरक्षा ठेव घेता येत नाही, म्हणजे प्रीपेड हा ग्राहकाचा पर्याय आहे असा त्यांचा अर्थ. म्हणून प्रीपेडला लेखी विरोध करण्यात दम आहे. पण पोस्टपेड स्मार्ट मीटरला "नकोच" म्हणणं अवघड, कारण कलम ५५ नुसार योग्य मीटरमधूनच वीज द्यायची जबाबदारी कंपनीची आहे आणि कोणता मीटर ते नियम ठरवतात. आणि मीटर रूमला कुलूप लावून बसायचा सल्ला मी तरी देणार नाही. कलम १६३ मध्ये कंपनीच्या माणसाला तपासायला, मीटर बदलायला आत यायचा अधिकार आहे, अडवलं तर लेखी नोटीस देऊन २४ तासांनंतर वीज तोडता येते. विरोध करायचा तर कागदावर करा, एक ओळ पुरते: "सदर मीटर पोस्टपेड पद्धतीनेच चालवावा, माझ्या लेखी संमतीशिवाय प्रीपेड करू नये." पोच घ्या, बिलांच्या फाईलला लावा.

पहिलं बिल आलं की

आता बिल हातात घ्या आणि एकूण रक्कम सध्या बघूच नका. युनिट बघा. आणि मागच्या महिन्याशी तुलना करू नका, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. एप्रिलमध्ये मीटर लागला आणि मे चं बिल वाढलं तर त्यात मीटर किती आणि उन्हाळा किती हे आधी वेगळं करायला लागेल. युनिट तेवढेच आहेत आणि रक्कम वाढलीये असं असेल तर मीटर निर्दोष आहे, तुमचं भांडण दराशी आहे, स्थिर आकार (दर महिन्याचा ठरलेला), वहन आकार (वीज घरापर्यंत आणायचा), इंधन समायोजन आकार (वीज बनवायच्या-घ्यायच्या खर्चातल्या चढउताराचा) यातलं काहीतरी बदललंय, आणि ह्या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क बसतं ते वेगळंच. सुरक्षा ठेवीचं वाढीव बिल पण लोक ह्यात धरतात. ठेव आता दोन महिन्यांच्या सरासरी बिलाएवढी धरतात, वर्षातून एकदा फरक मागतात, त्याचा स्मार्ट मीटरशी काही संबंध नाही.

युनिटच वाढले असतील तर मी पहिला संशय नव्या मीटरवर घेत नाही, जुन्यावर घेतो. जुना मीटर बंद किंवा संथ असेल, रीडिंग घेणारा यायचाच नाही आणि सरासरीवर बिल यायचं, किंवा येऊन अंदाजे कमी आकडा टाकून जायचा, तर कितीतरी महिन्यांचे युनिट जुन्या मीटरमध्ये साचलेले असतात. मीटर काढताना खरा आकडा लिहिला जातो आणि साचलेलं सगळं एकाच बिलात येऊन आदळतं. मागची बारा बिलं काढा, वेबसाईटवर ग्राहक क्रमांक टाकून मिळतात, आणि प्रत्येकावर मीटरच्या स्थितीपुढे काय लिहिलंय ते बघा. मीटर सदोष, बंद किंवा रीडिंग मिळालं नाही असं महिनोन्महिने लिहिलेलं असेल तर तुमचा प्रश्न तिथेच सापडला.

असे साचलेले युनिट तुम्ही खरंच वापरले असतील तर पैसे द्यावे लागतात, त्यात सुटका नाही. पण ते सगळे एका महिन्यात वापरले असं धरून स्लॅब लावणं चूक आहे. आपल्याकडे घरगुती स्लॅब ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे आहेत, आणि १०० च्या वर गेलं की युनिटचा दर जवळपास दुप्पट होतो. समजा १४० युनिट ४५ दिवसांचे आहेत. महिन्याला ९३ पडतात, म्हणजे सगळे पहिल्याच स्लॅबमध्ये बसायला हवेत. बिलात ते एका महिन्याचे धरले तर ४० युनिट महागड्या दराने लागतात. मीटर बदलला त्या महिन्यात हा घोळ हमखास तपासा, बिल किती दिवसांचं आहे, जुन्या मीटरचे युनिट आणि नव्याचे युनिट वेगवेगळे दाखवलेत का, आणि दोन्हींची बेरीज तुमच्या फोटोंशी जुळते का. माझ्याकडे आलेल्या बिलांमध्ये बऱ्याच जणांचं दुखणं इथेच निघालं, मीटरमध्ये नाही.

घरच्या घरी तपासणी

बिलाचा हिशोब बरोबर आहे तरी युनिट जास्तच वाटतायत, मग मीटरकडे वळा. सील, स्क्रू, वायर कशालाही हात लावायचा नाही, सील तुटलेलं दिसलं तर वीजचोरीचं कलम १३५ तुमच्याच गळ्यात पडू शकतं. फक्त बघायचं.

पहिली चाचणी अशी की घरातला मेन स्विच बंद करा आणि मीटरवरचा लाल दिवा बघा. तो दिवा वापराप्रमाणे लुकलुकतो, सगळं बंद असताना थांबायलाच हवा. मेन बंद असूनही लुकलुकत असेल तर मीटर आणि तुमच्या मेनच्या मधून कुठेतरी वीज जातेय, जिन्यातला दिवा, पाण्याचा पंप, शेजाऱ्याचं काहीतरी.

आणि इथे एक गोष्ट आहे जी जुन्या चाळी आणि जुन्या बिल्डिंगांमध्ये फार सापडते, कॉमन न्यूट्रल. फेज म्हणजे वीज घरात आणणारी वायर आणि न्यूट्रल म्हणजे ती परत नेणारी, वायरमनने कधीकाळी दोन घरांच्या न्यूट्रल एकत्र बांधून ठेवलेल्या असतात. जुन्या चकतीच्या मीटरला त्याने फरक पडत नव्हता कारण तो फेजचाच करंट मोजायचा. नवीन मीटर चोरी पकडायला म्हणून फेज आणि न्यूट्रल दोन्हींचा करंट बघतो आणि जो जास्त असेल त्यावर युनिट लावतो. मग शेजाऱ्याचा एसी चालू झाला की त्याचा काही करंट तुमच्या न्यूट्रलमधून परत जातो आणि तुमच्या मीटरवर चढतो. मीटर खराब नाही, चोरी कोणी करत नाही, तरी बिल वाढलेलं! मीटरवर इंग्रजीत "EARTH" किंवा "EL" असं लिहिलेला वेगळा दिवा किंवा खूण असते, ती सतत पेटलेली असेल तर वायरिंगचा संशय धरा. हे दुरुस्त करणं कंपनीचं काम नाही, मीटरच्या पुढचं वायरिंग ग्राहकाचं, म्हणून लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन बोलवा आणि दोन्ही घरांच्या न्यूट्रल वेगळ्या करून घ्या. गिझरच्या कॉइलमधून करंट गळत असेल तरी तीच खूण पेटते, आणि तो प्रकार जिवावरचा आहे, बिलाचं नंतर बघा.

दुसरी चाचणी, मीटर किती बरोबर मोजतो. फ्रिज, वायफाय, इन्व्हर्टर सकट सगळं बंद करा, इन्व्हर्टर विसरतात लोक. मग फक्त १००० वॅटचा पाणी तापवायचा रॉड मोठ्या बादलीत पूर्ण बुडवून लावा, चालू असताना पाण्यात हात घालू नका आणि लहान पोरांना लांब ठेवा. इस्त्री घेऊ नका, ती मधेच आपोआप बंद होते आणि हिशोब चुकतो. मीटरवर एका युनिटला किती वेळा दिवा लुकलुकतो ते छापलेलं असतं, उदाहरणार्थ ३२००. मग १००० वॅटला तासात ३२०० म्हणजे मिनिटाला साधारण ५३ वेळा लुकलुकायला हवा. मोबाईलवर एक मिनिटाचा व्हिडिओ काढा आणि नंतर हळू चालवून मोजा, डोळ्याने मोजायला गेलात तर वेडे व्हाल.

मात्र रॉडवर १००० वॅट लिहिलंय म्हणून तो बरोबर १००० घेतोच असं नाही. २३० व्होल्टचा रॉड २२० व्होल्टवर चालला तर साधारण ९१५ वॅटच घेतो, तेव्हा मीटरच्या स्क्रीनवर व्होल्टेज बघून तेवढी सूट धरा. पाच-दहा टक्के इकडे तिकडे झालं तर सोडून द्या, ही चाचणी तेवढा बारीक फरक पकडत नाही. मिनिटाला ५३ च्या जागी ८० दिसायला लागले तर मात्र पुरावा मिळाला. घरगुती स्मार्ट मीटर सहसा क्लास १ चे असतात, म्हणजे नेहमीच्या वापरात चूक एक टक्क्याच्या आसपासच चालते, त्यामुळे बिल दीडपट-दुप्पट झालंय तर कारण एकतर ठळक बिघाड आहे नाहीतर वर सांगितलेल्यापैकी काहीतरी.

हो, चकतीचे जुने मीटर अगदी बारीक करंटला हलायचे नाहीत, सेट टॉप बॉक्स, चार्जर, स्टँडबायवरचा टीव्ही हे फुकटात चालायचं. नवीन मीटर ते मोजतो. म्हणून चार-दोन युनिट वाढले तर त्यासाठी भांडू नका.

तक्रार कशी टाकायची

१९१२ वर किंवा १८००-२१२-३४३५ वर फोन करून तक्रार क्रमांक घ्या, पण त्यावर थांबू नका, फोनवरची तक्रार "निराकरण झाले" असा मेसेज येऊन बंद होते. लेखी अर्ज द्या, दोन प्रती, एकीवर आवक शिक्का. आणि अर्जात नुसतं "बिल कमी करा" लिहू नका. असं लिहा:

"माझा ग्राहक क्रमांक अमुक. दि. अमुक रोजी मीटर बदलल्यापासून नोंदवलेला वापर माझ्या प्रत्यक्ष वापराशी जुळत नाही. मागील वर्षी याच महिन्यात इतके युनिट, या वर्षी इतके. विद्युत (ग्राहकांचे हक्क) नियम २०२० व त्यातील फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीनुसार तक्रार मिळाल्यापासून ५ दिवसांत अतिरिक्त मीटर बसवून किमान ३ महिने वापराची पडताळणी करावी. तसेच मीटरची चाचणी माझ्या उपस्थितीत करून अहवालाची प्रत द्यावी."

हा चेक मीटरचा नियम लोकांना माहितीच नाही आणि ऑफिसमधल्या काहींनाही नसतो, किंवा नसल्यासारखं करतात. तुमच्या मीटरच्या शेजारी दुसरा मीटर लावतात, दोन्हींतून तीच वीज जाते, तीन महिने आकडे जुळवायचे. २०२४ च्या मे महिन्यात वडोदऱ्यात स्मार्ट मीटरवरून लोक रस्त्यावर उतरले तेव्हा तिथेही जुने मीटर शेजारी लावून दाखवायची वेळ कंपनीवर आली होती. चेक मीटर लागला की रोज एकाच वेळेला दोन्हींचा फोटो काढा. रोज नाही जमलं तर आठवड्याला.

चाचणीत मीटर सदोष निघाला तर बिलाची दुरुस्ती वाद सुरू झाला त्या महिन्याच्या मागच्या जास्तीत जास्त तीन महिन्यांपुरतीच होते, वीज नियामक आयोगाच्या नियमातच तसं आहे. म्हणजे सहा महिने कुरकुर करत बसलात आणि मग अर्ज दिला तर आधीचे पैसे गेले. अर्ज पहिल्याच बिलाला द्या.

तोपर्यंत बिल भरायचं का? भरायचंच, पण किती ते महत्त्वाचं. वीज कायद्याच्या कलम ५६ मध्ये सोय आहे, वाद चालू असताना मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यातली जी कमी असेल ती "निषेध नोंदवून" भरली तर वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. वेबसाईटवर पूर्ण रकमेसाठीच बटण असेल तर ऑफिसला जाऊन अर्जासकट भरा. आणि थकबाकीसाठी वीज तोडायची तर आधी १५ दिवसांची लेखी नोटीस लागते, मीटर लांबून बंद करता येतो म्हणून ती अट रद्द होत नाही.

मीटर लागल्यावर कधीकधी "तुमचा भार मंजुरीपेक्षा जास्त आहे" असं पण सुरू होतं, कारण स्मार्ट मीटर कमाल मागणी, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढली, ते नोंदवतो, आणि मंजूर भार म्हणजे कनेक्शन घेताना ठरलेली मर्यादा. वरच्याच ग्राहक हक्क नियमांच्या २०२३ च्या दुरुस्तीप्रमाणे मीटर लागायच्या आधीच्या काळासाठी त्यावरून दंड लावता येत नाही, आणि मंजूर भार वाढवायचा तर वर्षात किमान तीनदा ओलांडलेला असायला हवा. इस्त्री, गिझर आणि एसी एकदाच एकत्र चालले म्हणून भार वाढवून देऊ नका.

ऑफिसने ऐकलंच नाही तर पुढची पायरी ग्राहक तक्रार निवारण मंच. वकील लागत नाही, फॉर्म भरून कागद जोडायचे, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायचं, मंचाने ६० दिवसांत निकाल देणं अपेक्षित आहे. वीज तोडायची धमकी असेल तर अंतरिम आदेशही मागता येतो. निकाल पटला नाही तर ६० दिवसांत विद्युत लोकपालाकडे, त्यांची कार्यालयं मुंबई आणि नागपूरला आहेत. तिथले आदेश वेबसाईटवर वाचायला मिळतात, तुमच्यासारखी केस शोधून तिचा नंबर अर्जात टाका, बराच उपयोग होतो.

बाकीच्या भीती

रेडिएशनचं व्हॉट्सॲपवर फार फिरतं. मीटर मोबाईलसारख्याच लहरींनी थोड्या थोड्या वेळाने डेटा पाठवतो, आणि तो बसलेला असतो जिन्याखाली. उशाशी फोन घेऊन झोपणाऱ्या माणसाने मीटरला घाबरायचं कारण मला तरी दिसत नाही.

डेटाचा प्रश्न मात्र खरा आहे. तासातासाचा वापर बघून घरात कोणी आहे की नाही, कधी झोपतात, गावाला कधी जातात हे कळू शकतं. ती माहिती कंपनीकडे आणि कंत्राटदाराच्या यंत्रणेत जाते. तुम्ही एवढंच करू शकता की महावितरणच्या ॲपचा पासवर्ड कोणाला देऊ नका, आणि "मीटर अपडेट करायचा आहे, नाहीतर आज रात्री लाईट जाईल" असा मेसेज किंवा लिंक आली तर सरळ डिलीट करा. अशा मेसेजमध्ये लोकांचे बँक खात्यातले पैसे गेलेत.

फायदा काय, तर १ जुलै २०२५ पासून टीओडी मीटरवाल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधल्या वापरावर युनिटला ८० पैसे सूट सुरू झाली, ती पुढच्या वर्षांत टप्प्याटप्प्याने एक रुपयापर्यंत जायची आहे. वॉशिंग मशीन, पंप, इस्त्री मिळून रोजचे दोन युनिट दुपारी ढकलले तर ८० पैशांच्या हिशोबाने महिन्याला ४८ रुपये. सगळे नोकरीला जाणारे असाल तर तेवढंही नाही. पण हक्काचे आहेत तर बिलात ती ओळ आहे का बघा, मीटर लागून दोन बिलं झाली आणि सूट दिसत नसेल तर त्याचीही तक्रार टाका.

भाड्याने राहणाऱ्यांसाठी शेवटचं. कनेक्शन मालकाच्या नावावर असतं आणि ऑफिसमध्ये "ज्याचं नाव त्यालाच पाठवा" म्हणतात. घरात येतानाच मालकाकडून एक साधं सहीचं पत्र घेऊन ठेवा की वीजबिलाबाबत अर्ज करायला, कागद घ्यायला भाडेकरूला अधिकार दिलाय, आणि ॲपमध्ये मोबाईल नंबर तुमचा टाकून घ्या, नाहीतर नोटिशीचा मेसेज मालकाच्या फोनवर जातो आणि तुम्हाला कळतं ते थेट अंधार झाल्यावर.